नवरीच्या जागी मापाला

चैत्र सरत आला की जळगावात दोघांचंच राज्य असतं, उन्हाचं आणि लग्नपत्रिकांचं. फ्रिजवर पत्रिकांची चळत चढत जाते. दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि संध्याकाळ झाली की गल्लीच्या तोंडाशी बँडवाले लाल कोट चढवायला लागतात. कोणाचा कोट गुडघ्यापर्यंत, कोणाचा बेंबीपाशी अडकलेला. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, मांडवातल्या घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास, तुपात बुडालेल्या बट्ट्यांचा, नव्या कपड्यांच्या खळीचा. लोकांना या वासांनी हुरूप येतो म्हणतात. मला कोंडल्यासारखं होतं.

परवा बातमी आली की सोनलच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. सोनल माझी नणंद, साक्रीला दिलेली. लग्न ठरलं म्हणजे बस्ता आला, आणि बस्ता म्हटलं की मला एकच लग्नसराई आठवते, सोनलच्या स्वतःच्या लग्नाची.

आमच्याकडे लग्नातले झाडून सगळे कपडे दोन्हीकडची मंडळी एका दुकानात, एका बैठकीत घेतात. गादीवर मांडी ठोकून बसायचं, चहा प्यायचा, नवऱ्या मुलाच्या आत्यापासून नवरीच्या मामेभावापर्यंत प्रत्येकाचा मान काढायचा, हळदकुंकू वाहायचं, गठ्ठे बांधायचे आणि घरी यायचं. हाच बस्ता. पूर्वी त्यात काही घोळ नव्हता. सदऱ्याचं कापड द्या, झंपरपीस द्या, साडी द्या, ज्याचं त्यानं आपापल्या शिंप्याकडे बघून घ्यावं. आता मान रेडिमेड झाला आहे. आता प्रत्येकाचं माप लागतं, आणि माप नावाची गोष्ट या जगात शिल्लक राहिलेली नाही, हे मी शाळेत विज्ञान शिकवत असूनही छातीला हात लावून सांगते.

दरवर्षी मी वर्गात सांगते की पूर्वी लोक वितीनं आणि हातानं मोजत, प्रत्येकाची वीत वेगळी म्हणून भांडणं होत, मग माणसांनी मीटर ठरवला, आणि मीटर साक्रीत जेवढा तेवढाच साता समुद्रापलीकडे. मुलं इमानदारीत उतरवून घेतात. घरी येऊन मी कपाट उघडते. त्यात एम आहे, एल आहे, डबल एक्सेल आहे, एक थ्री एक्सेलसुद्धा आहे, आणि ‘फ्री साइज’ म्हणून गळ्यात मारलेला एक कुर्ता आहे, ज्यात माझा फक्त उजवा हात जातो. तो सोडला तर बाकीचे सगळे मला आजच्या आज व्यवस्थित बसतात. नवरा वरणगावच्या फॅक्टरीत आहे. तिथं केसाएवढा फरक चालत नाही म्हणे. पण त्याची पॅन्ट एका दुकानात चौतीस आणि दुसऱ्यात अडतीस. चौतीसवाल्या दुकानदाराचं तो अजून नाव काढतो, ‘माणूस प्रामाणिक आहे.’

मुलांच्या कपड्यांची तऱ्हा आणखी न्यारी. तिथं आकड्याच्या शेजारी वय छापतात. नऊ ते दहा वर्षे. कोणाची? ईश्वरी, माझी मुलगी, सहा वर्षांची असताना फुले मार्केटमधल्या एका दुकानात आठ वर्षांची होती आणि समोरच्या दुकानात बारा वर्षांची. तिला तेव्हा त्याची मोठी मजा वाटायची. ‘आई, रस्ता ओलांडला की मी मोठी होते,’ असं म्हणून ती माझा हात धरून पुन्हा पुन्हा इकडून तिकडे जायला बघायची.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं. दिवाळीला एक फ्रॉक शिवायचा आणि आई शिंप्याला दम भरायची, ‘वाढत्या अंगाचा शिवा हो.’ पहिल्या वर्षी त्या फ्रॉकमध्ये मी हरवायची. तिसऱ्या वर्षी तो माझ्या गुडघ्याच्या वर चढून बसायचा. फक्त मधल्या वर्षी तो माझा असायचा. तरी कोणी मला त्या फ्रॉकवरून कधी काही म्हटल्याचं आठवत नाही. चूक फ्रॉकची असायची किंवा शिंप्याची. आता कपडा बसला नाही की चूक अंगाची असते, आणि हे मुलींना फार लवकर कळतं.

साक्रीच्या आठवडी बाजारात अजून बरं आहे. सोनलला भेटायला गेले की मी तिथं मुद्दाम रेंगाळते. डोंगराकडच्या पाड्यांवरून आलेल्या बायका पोरांना घेऊन कपड्यांच्या ढिगापाशी उकिडव्या बसलेल्या असतात. विकणारा लेबल बघत नाही. पोराच्या पाठीला सदरा लावतो, चड्डीचं इलॅस्टिक त्याच्या मानेभोवती गुंडाळून बघतो आणि सांगतो, ‘बसस बठ्ठं, लई जाय माय,’ म्हणजे सगळं बसतं, घेऊन जा. पोर घरीच राहिली असेल तर आई जमिनीपासून हात उचलून दाखवते, ‘आशी शे, इतली.’ त्या हाताइतकं खरं माप मी कुठल्या लेबलवर वाचलेलं नाही.

त्या वर्षी सोनल पुण्याला नोकरीत होती. रजा लग्नासाठी राखून ठेवलेली, म्हणून बस्त्याला ती येणार नव्हती. फोनवर तिनं सांगितलं, ‘वहिनी, माझं माप एम.’ एवढंच. पिन कोड सांगावा तसं सांगितलं बिचारीनं, म्हणजे आता पार्सल बरोबर पोचणार.

धुळ्याचं दुकान दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून ठरलं. आम्ही पारोळ्यावरून गेलो. गाडीच्या काचेला हात लावला तर चटका बसत होता. सासूबाई पुढं, मागं मी आणि ईश्वरी. तिला न्यायचं कारण साधं होतं, आत्याच्या लग्नासाठी तिला फ्रॉक घ्यायचा होता. बारा वर्षांची होती. त्या एका वर्षात ती अशी काही वाढली होती की दारातून आत आली की मला क्षणभर पाहुणीच वाटायची. डोकं मात्र बारा वर्षांचंच. रस्ताभर ती कैरीला मीठ लावून खात होती आणि फ्रॉकला खिसे हवेत असं बजावत होती.

खालच्या मजल्यावर मुलांचे कपडे. तिथं तिला हवा तसा पिवळा फ्रॉक सापडला, दोन्ही बाजूंना खिसे असलेला. तो खांद्यापाशी अडला. सेल्समननं त्याहून मोठा काढला, तोही अडला. ‘वहिनी, यापुढं माप येत नाही यात. हिला वर न्या, लेडीजमध्ये.’ आम्ही वर गेलो. वरच्या सर्वात लहान ड्रेसचा गळा तिच्या खांद्यांवरून खाली घसरला आणि बाही मात्र दंडात रुतली. वरचा सेल्समन म्हणाला, ‘ही लहान आहे हो अजून. खाली बघितलं का?’ पुन्हा खाली. पुन्हा वर. शेवटी ती जिन्यातच थांबली, तो पिवळा फ्रॉक हातात धरून.

‘आई, मग मी काय घालू?’

‘बघू गं, आधी आत्याचं होऊ दे,’ म्हटलं.

वर गादीवर साक्रीची मंडळी जमली होती. मध्यभागी अक्का. अक्का म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या, माहेरीच राहिलेल्या, आणि त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही हे आम्हाला साखरपुड्यातच समजलं होतं. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पोरीबाळींच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घालतात. साड्यांचं सगळं भराभर ठरलं. साडी बिचारी कोणाच्याही अंगाला येते. अडलं ते स्वागत समारंभाच्या घागऱ्यावर. डाळिंबी रंगाचा, जरीनं जड झालेला घागरा मुलाकडच्यांनी पसंत केला, आणि लेबल वाचलं तर एम. पण त्याच रंगाचा शेजारचा एम त्याच्याहून चार बोटं अरुंद निघाला. मग सोनलचा एम कोणता?

अक्कांनी मान वर केली आणि त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या ईश्वरीवर गेली.

‘व माय! हाई पोर तं सोनलइतलीच शे. ये वं, मापाले उभी ऱ्हाय.’

नवरी हजर नसली की तिच्या अंगलटीची एखादी मापाला उभी करतात, हे आमच्याकडे नवं नाही. जाऊबाई उभ्या राहतात, मावसबहिणी उभ्या राहतात, थट्टा होते, फोटो निघतात. बारा वर्षांची पोर कोणी उभी केल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मुलीकडच्या, म्हणजे त्या दिवशी त्यांना मान फक्त होकारार्थी हलवता येत होती. ‘जा गं, दोन मिनिटांचं काम,’ त्या ईश्वरीला म्हणाल्या.

घागरा घालून ती बाहेर आली तेव्हा गादीवरचं बोलणं थांबलं. मी आई आहे, पण मलाही ती ओळखू आली नाही. अक्कांनी बस्त्याच्या ताटातलं कुंकू घेतलं, घागऱ्याच्या काठाला लावलं आणि तेच बोट पोरीच्या कपाळाला टेकवलं. ‘नवरीनी जागावर उभी शे ना. लावनं पडस.’ बायकांनी हौसेनं फोटो काढले. ईश्वरी हात अंगाला चिकटवून उभी होती, वर्गात शिक्षा झाल्यावर मुलं उभी राहतात तशी. तिला ‘गोल फिर’ म्हटलं, ती फिरली. ‘हास ना,’ म्हटलं, ती हसली.

मग आम्ही कपडे बदलायच्या खोलीत आलो आणि चोळीची चेन अडकली.

ती खोली म्हणजे तीन बाजूंना आरसे आणि चौथ्या बाजूला फळीचं दार. पंखा नाही. चेन काखेखाली अस्तराचा कपडा गिळून बसली होती, वरही जाईना आणि खालीही येईना. मी ओढलं, सासूबाईंनी आत येऊन ओढलं. बाहेरून कोणी साबणाची वडी दिली, कोणी मेणबत्ती. ईश्वरीचा श्वास वर लागला होता. दुकानातल्या बाईनं दाराच्या फटीतून कात्री पुढं केली आणि लगेच अक्कांचा आवाज आला, ‘कात्री लावू नका हां! कुकू लायेल शे त्याले. नवरीना कपडाले कात्री लावतस का कोनी?’

सासूबाईंनी माझा हातच धरला. ‘खरंच नको हं. सोनलच्या लग्नाचा आहे. उद्या काही झालं तर आपल्याच नावानं बोलतील.’

‘आई, मला यातून काढ,’ ईश्वरी म्हणाली. रडत नव्हती. इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की ते मला आरशातल्या तिच्या ओठांवरून समजलं. आरशात जिकडे बघावं तिकडे डाळिंबी घागऱ्यातली माझी पोर दिसत होती, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं, आणि बाहेर पडायला एकीलाही वाट नव्हती.

माझ्या बांगडीत सेफ्टी पिन असते, आमच्या सगळ्याच बायकांच्या असते. ती काढली. सासूबाईंना म्हटलं, ‘कात्री नको ना? मग तुम्ही बाहेर थांबा.’ आणि गुडघ्यावर बसून त्या चोळीची शिवण टाका टाका करून उसवली. जिथं पिन जाईना तिथं दातांनी धागा तोडला. जरीची चव लोखंडासारखी असते, ती अजून तोंडात आहे. शिवण सुटली तशी ती पोर एकदम मोकळी झाली आणि तिनं पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर स्वतःच्या जुन्या टी-शर्टच्या बाहीनं कपाळ खसाखसा पुसलं. काखेखाली चेनचे लाल दात उमटले होते.

बाहेर आलो. उसवलेली शिवण दुकानातच पुन्हा घालून दिली, त्यावरून कोणी काही बोललं नाही. अक्कांनी ईश्वरीला जवळ बसवून घेतलं, तिच्या तोंडात पेढा घातला आणि मला विचारलं, ‘कितवीले शे?’

‘सातवीत.’

‘आते काय, तीन-चार वरीसमा लगीनजोगी व्हई जाई. मन्हा भाचाना पोरगा शे, ध्यानमा ठेव बरं माय.’ बायका हसल्या. सासूबाईही हसल्या. मुलीकडच्यांना हसावंच लागतं. ईश्वरी पेढा गालात तसाच धरून माझ्याकडे बघत होती. पिवळा फ्रॉक घ्यायचा राहिला, आणि तिनंही पुन्हा त्याचं नाव काढलं नाही.

लग्नात तो घागरा सोनलला ढगळ झाला. मंडपामागच्या खोलीत मी तिच्या पाठीला पिना लावत होते. ती हसत म्हणाली, ‘वहिनी, हा कोणाच्या मापाचा आणलात?’ तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिचं हसू गेलं. दारातून ईश्वरी दिसत होती, शिंप्याकडून शिवून घेतलेल्या सैल पंजाबी ड्रेसमध्ये, खांदे पुढं ओढून बसलेली. सोनल बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग कोणीतरी हाक मारली आणि ती पाठीला पिना टोचत असताना स्टेजवर जाऊन उभी राहिली. फोटोत पिना दिसत नाहीत. फोटो फार सुंदर आले आहेत.

त्यानंतर ईश्वरी दुकानात आली नाही. ऊन म्हणू नका, थंडी म्हणू नका, बाबाचे टी-शर्ट घालते. दप्तर पाठीऐवजी छातीशी धरते. मी मासिकांतून वाचलेल्या शहाण्या गोष्टी तिला सांगून बघितल्या, की आकडा फक्त कापडाचा असतो, माणसाचा नसतो. ‘हो गं आई,’ म्हणते. ती काही आकड्याला भीत नाही. तिला भीती आहे ती माणसांच्या नजरेची. लेबल खोटं बोलतं हे तिला सहाव्या वर्षीच कळलं होतं. पण अक्कांची नजर फसत नाही, ती एका झटक्यात माप घेते आणि पोरीला ज्या मजल्यावर पाठवते तिथून खाली यायला जिना नसतो.

अक्का विसरल्या नाहीत. बारशाला भेटल्या, जागरण-गोंधळाला भेटल्या, प्रत्येक वेळी ‘पोर कशी शे?’ आणि मग तोच विषय. कायद्यानं अठरा वर्षं लागतात, हे मी एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘लगीन आज कोन कर म्हनस? शब्द तं दी ठेवा.’ नवरा म्हणतो, तू बोल, तू बाई माणूस. सासूबाई म्हणतात, तोडून बोलू नकोस, सोनलला तिथं नांदायचं आहे. हेही खरंच आहे. इथं जे बोलेन त्याचे पडसाद साक्रीत सोनलच्या ताटावर उमटणार. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर आमच्याच पोरी. पुण्याची नोकरी सोडून गेलेली सोनल आताशा फोनवर इतकं हळू बोलते की मला कूलर बंद करावा लागतो.

यंदा ईश्वरीची दहावीची परीक्षा झाली. निकाल यायचा आहे. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे, आणि त्याबद्दल बोलताना मात्र तिचे खांदे सरळ होतात.

आज सकाळी सोनलचा फोन आला. मागं नळ सोडल्याचा आवाज येत होता. न्हाणीघरातून बोलत होती.

‘वहिनी, अक्का आज तुला फोन करणार आहेत. ईशूला बस्त्याला आण म्हणतील. नवरी नाशिकला आहे, मापाला कोणी नाही, असं सांगतील. माप नुसतं निमित्त आहे गं. त्या मुलाच्या घरचे येणार आहेत तिला बघायला. तू नाही म्हण.’

‘आणि तुझं काय?’

‘मला इथं नाही म्हणता येत नाही. तू तिथून म्हण. मग मी सगळ्यांसमोर तुझ्यावर रागावल्यासारखं करीन. तू मनाला लावून घेऊ नको.’

दुपारी अक्कांचा फोन आला. ऊन, तब्येत, आंब्याचा भाव, सगळं झालं. मग, ‘पोरले लई ये बस्ताले. नुसती मापाले उभी ऱ्हावानी शे.’

‘अक्का, ईश्वरी येणार नाही,’ मी म्हटलं. ‘मापालाही नाही आणि दाखवायलाही नाही. तिला शिकायचं आहे. तिच्यासाठी आम्ही कोणालाही शब्द देणार नाही.’

पलीकडून फोन बंद झाला. सासूबाई देवघरात जाऊन बसल्या.

दिवेलागणीला सोनलचा फोन आला. या वेळी नळाचा आवाज नव्हता. भांड्यांचा होता, माणसांचा होता, मोठ्या खोलीत स्पीकर लावल्यावर येतो तो घुमारा होता. ईश्वरी माझ्या शेजारी येऊन बसली.

‘वहिनी, तुम्हाला काही रीतभात आहे की नाही?’ सोनल कडाडली. ‘अक्कांना नाही म्हणता? तोंडावर? माझं इथं काय होईल याचा विचार केलात?’ ठरल्याप्रमाणे मी गप्प राहिले. इतकं छान करत होती की मला जरा हसूसुद्धा येत होतं. ‘मी इथं कशी राहते हे कोणाला माहीत आहे? परस्पर ठरवायचं, परस्पर बोलायचं. मला विचारलं? नोकरी सोड म्हटलं, सोडली. हे घाल म्हटलं, घातलं. कधीतरी कोणी विचारलं का मला, सोनल, तुला काय पाहिजे?’

यातलं काहीच मी केलेलं नव्हतं. तिच्या बोलण्यातून ‘वहिनी’ कधीच गळाली होती. पलीकडची भांडी थांबली होती. कोणीतरी ‘सोनल, बस,’ म्हणालं, आणि ती थांबली नाही.

ईश्वरीनं माझा दंड धरला. ‘आई, आत्या कोणावर रागावली आहे?’

मी तोंडावर बोट ठेवलं. फोन तसाच चालू ठेवला आणि आम्ही दोघी ऐकत बसलो.